गोजरबाईची पिवळी साडी

मी साडी बोलतेय. दचकू नका. माणसं दिवसभर इतकं बोलतात, एकदा साडी बोलली तर आभाळ कोसळत नाही. जात सुती, रंग पिवळा, काठ हिरवा. औंढ्याच्या जत्रेत दुकानदारानं नागनाथाची शपथ घेऊन सांगितलं होतं, "रंग जानार न्हाई." पहिल्याच धुण्यात मी वैजनाथरावांचं धोतर पिवळं केलं. तरी त्यांनी मला परत केलं नाही, कारण बायकोसाठी स्वतःच्या पसंतीनं आणलेली मी त्यांची पहिलीच साडी होते.

गोजरबाई मला आधी लग्नाकार्यात नेसली, मग बाजाराला, मग निंदणीला. साडीची बढती अशी उलटीच असते.

गेल्या उन्हाळ्यात शिरड शहापूरजवळच्या आमच्या गावच्या तलावावर ती गोधड्या धूत होती. हिंगोलीहून मोटारसायकलवर दोन पोरं आली, हरीश आणि विकास. 'पाणी खोल आहे' ही पाटी त्यांनी वाचली, तिच्यावरच कपडे अडकवले आणि उड्या मारल्या. थोड्या वेळानं विकासच्या नाकातोंडात पाणी गेलं. त्याला धरायला गेलेला हरीशही गटांगळ्या खाऊ लागला.

बांधावर गावचे बाप्ये होते. सगळे पट्टीचे पोहणारे, निदान पारावर बसून तरी. त्यांनी तत्परतेनं मोबाइल काढले. एकानं तर आडवा धरला, चित्र बारीक यायला नको म्हणून. "दोर आना रे, दोर आना!" असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. आणायला जायचं कुणी, तेवढंच ठरत नव्हतं.

गोजरबाईला पोहता येत नाही. तिनं एकदा बांधाकडं पाहिलं आणि मला सोडलं. फेकायला वजन यावं म्हणून पदरात साबणाची वडी बांधली, परकर-पोलक्यावर छातीभर पाण्यात उतरली आणि मला भिरकावलं. हरीशनं माझा काठ धरला. त्याच्या दुसऱ्या हातात विकासचं मनगट होतं. मी अशी ताणली गेले की सूत न् सूत करकरलं. फाटले असते तर दोघंही गेली असती. नाही फाटले.

पोरं बाहेर येऊन पडली, ओकली, जगली. तेव्हा कुठं बाप्यांना मर्यादा आठवली आणि इतका वेळ चित्रण करणाऱ्यांनी माना खाली घातल्या. गोजरबाई ओली गोधडी पांघरून निघाली. ती घरी पोचायच्या आत गावभर झालं होतं, "गोजरबाईनं चार बाप्यांपुढं लुगडं फेडलं." दोन जीव वाचल्याची बातमी मात्र मागाहून सावकाश पायी आली.

वैजनाथराव तिच्याशी बोलेनासे झाले. ताट ओढून मुकाट जेवायचे. एकदाच म्हणाले, "ती साडी जाळून टाक." तिनं मला पेटीच्या तळाशी दडवलं. भाकरी थापता थापता ती स्वतःशीच पुटपुटायची, "काय वंगाळ केलं म्या?" मला आत ऐकू यायचं आणि जीव तुटायचा. दोन पोरं वाचवली म्हणून हिचा संसार बुडायची वेळ आली होती.

मग सरपंच शिवशंकररावांना सत्कार सुचला. पेपरात नाव येणार होतं, त्यांचं. फलकावर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे इतके झाले की गोजरबाईला जागाच उरली नाही. त्या दिवशी तिनं मला पेटीतून काढलं आणि नेसली. वैजनाथरावांनी ते पाहिलं आणि मंडपात सगळ्यांत मागं जाऊन बसले.

सरपंच माइकवर गरजले, "गोजरबाईनं जिवाची पर्वा न करता दोर फेकला!" भर सभेत साडीचं नाव कसं घ्यावं? टाळ्या पडल्या. बाप्यांनाही दोर सोयीचाच होता, ते तो आणायला निघालेच होते ना. मग शाल, नारळ आणि एक नवी कोरी साडी तिच्या हातात दिली. साडी द्यायची लाज नव्हती, म्हणायची होती.

आभार मानायला हरीशला उभं केलं. तोही म्हणाला, "मावशींनी दोर टाकला म्हणून..."

"लेकरा," शेजारी उभी असलेली गोजरबाई म्हणाली, "दोराला काठ ऱ्हाते व्हय?"

हरीश माझ्याकडं बघतच राहिला. "नाही मावशी. हाच काठ होता. हिरवा."

"मंग दोर काहून म्हणून राहिला?"

"सरपंचसाहेबांनी सांगितलं," एवढं बोलून तो रडायलाच लागला.

गर्दीतून कुणीतरी खिदळलं, "म्हंजे लुगडं फेडलं, हे खरंच की!"

वैजनाथराव उठले. जन्मात कधी सभेत न बोललेला माणूस. "फेडलं न्हाई," ते म्हणाले, "फेकलं! तुमच्यातल्या कोन्या बाप्यानं नुसता रुमाल तरी फेकला व्हय?"

सरपंचांनी घाईनं राष्ट्रगीत लावायला सांगितलं.

आता मी विरत चाललेय, काठाला दोन जागी टाके आहेत. जाता जाता एवढंच मागणं आहे. कुणी बुडताना दिसलं तर हाताशी असेल ते फेका, आणि फेकणाऱ्या बाईचा सत्कार केलात तर तिनं काय फेकलं तेही माइकवर सांगा. तिला त्याची लाज नाही. वैजनाथरावांनाही आता नाही. काल त्यांनी स्वतः मला पिळलं आणि वाळत घातलं, घरामागं नाही, रस्त्याच्या बाजूला.