माझ्या जागी आलेली लठ्ठ बॅटरी

मी वॉकीटॉकीची जुनी बॅटरी बोलतेय. आयुष्यभर दुसऱ्यांना बोलू दिलं. आता कुणी माझ्याकडे बघतही नाही, तेव्हा म्हटलं, चार शब्द आपणही बोलून घ्यावेत.

कारखान्यात माझ्या पाठीवर एक कागद चिकटवला गेला. त्यावर वॉकीटॉकीचा नमुना क्रमांक, खाली सात पूर्णांक चार व्होल्ट, आणि त्याखाली सोळाशे. सोळाशे म्हणजे माझ्या पोटात किती मावतं ते. पाठीवर लिहिलंय तेच पोटात आहे, एवढाच माझा मोठेपणा. आमच्यात तोही दुर्मीळ असतो, हे मला पुढे कळलं.

आम्ही जोडीनं विकले गेलो. दोन वॉकीटॉक्या, दोन बॅटऱ्या, दोन चार्जर. घेणारा मामिरकुल हा साठी ओलांडलेला मेंढपाळ. त्याचं उन्हाळी कुरण इतकं उंचावर, की मोबाईल तिथे फक्त वेळ बघायला कामी येतो. एक वॉकीटॉकी यर्टमध्ये, म्हणजे त्यांच्या लोकरी नमद्याच्या गोल तंबूत राहिली, माझ्यासकट. दुसरी त्याचा मुलगा कुबात घेऊन गेला. तो चारशे मेंढ्या घेऊन डोंगराच्या धारेपलीकडच्या कुरणात एकटा राहतो.

संध्याकाळी बापलेक बोलत. आता यात एक गोष्ट समजून घ्या. ऐकायला मला चमचाभर ताकद लागते, बोलायला बादलीभर. कुबात बोलायचा तेव्हा मी निवांत असायचे. मामिरकुलनं बटण दाबलं की माझी परीक्षा सुरू. आणि मामिरकुल काही थेट कामाचं बोलणारा माणूस नव्हे.

"बरा आहेस ना? तब्येत बरी? मेंढ्या बऱ्या? घोडा बरा? कुत्रा बरा? रात्री थंडी पडली का? तुझ्या पायाचं कसं आहे? शेजारचे बरे आहेत?"

कुबातच्या शेजारी कुणी नव्हतंच. तरी विचारायचं. न विचारता कामाचं बोलायला तो काय रशियन हापिसातला साहेब होता? सगळं विचारून झालं, की मग कामाचं एक वाक्य. ते अर्धं झालं की माझा जीव जायचा. मग मामिरकुल मला तळहातावर आपटून म्हणायचा, "पोकळ आहे ही."

पाच उन्हाळे असे गेले. हिवाळ्यात मला चार्जरमध्येच खोचून ठेवत, महिनोन्महिने, कारण "राहू दे, चरत राहील." थंडीनं गारठले की चुलीजवळ शेकायला ठेवत. एकदा तर मला सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांसोबत खोगिराच्या पिशवीत आठवडाभर फिरवलं. एवढं करूनही मी थकले, याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं.

नवी बॅटरी घ्यायचं ठरलं तेव्हा यर्टमध्ये चौघंही होते. कुबात मीठ न्यायला आला होता. त्याची बायको जिपार लग्नाआधी दोन वर्षं मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. ही गोष्ट घरातले सगळे सोयीनं विसरले होते. शिवाय त्या मुलखातली सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. सासरा दोन हातांवर बसलेला असला, तरी बोलणं सासूच्या मार्फत जातं.

"आपा," जिपार सासूला, सैराकानला म्हणाली, "त्यांना सांगा, पाठीवरचा क्रमांक आणि व्होल्ट जुळले पाहिजेत. आणि चार्जर आहे तोच चालेल, नवा घ्यायचा नाही."

सैराकाननं मान नवऱ्याकडे वळवली. "ऐकलंत?"

"ऐकलं. मी काय बहिरा आहे?"

"मग मला कशाला मध्ये घालताय दोघं? पीठ मळत्येय मी."

"आणि आपा," जिपार म्हणाली, "सांगा, की आकडा फार मोठा लिहिलेला असेल तर घेऊ नका. एवढ्याशा डब्यात एवढं मावत नाही."

"सूनबाईला सांग," मामिरकुल म्हणाला, "चाळीस वर्षं मेंढ्या विकत घेतोय मी. मला कुणी फसवत नाही."

कुबातनं चहात तोंड बुडवलं. शहाणा मुलगा.

रविवारी मामिरकुल मला नमुना म्हणून खिशात घालून खालच्या गावच्या बाजारात गेला. ओरोझ नावाचा दुकानदार लगाम, टॉर्च, सापळे आणि बॅटऱ्या एकाच फळीवर मांडून बसला होता. त्यानं तीन बॅटऱ्या पुढे टाकल्या. एक माझ्यासारखीच होती, तोच क्रमांक, तोच आकडा, अंगानं हलकी. मामिरकुलनं ती उचलून लगेच खाली ठेवली.

"ही उपाशी आहे."

दुसरीही तशीच. तिसरी उचलली आणि त्याचा चेहरा खुलला. तळहातावर तोलली, दोन बोटांनी कुशी दाबल्या, मागचा भाग अंगठ्यानं चाचपला. मेंढीची चरबीनं भरलेली शेपूट बघतात ना, अगदी तसंच. तोंड असतं तर त्यानं दातही मोजले असते.

"हिच्यात जीव आहे," तो म्हणाला.

"नजर आहे तुमची, अकसकाल," ओरोझ म्हाताऱ्याला मान देत म्हणाला. "लोक नुसते आकडे वाचतात. आकडे वाचून काय कळतं?"

खरंच आहे. तिच्या पाठीवर 'नऊ हजार' लिहिलं होतं. माझ्या पाच बहिणी एकत्र केल्या तरी एवढं होणार नाही. पण मला विचारतं कोण?

"आणि हा चार्जर," ओरोझ म्हणाला. "वीस मिनिटांत पोट भरतो. तुमचा जुना किती वेळ घेतो?"

"तीन तास."

"तीन तासांत तर मेंढी शिजते!"

दोघं खूप हसले. दोन माणसं इतकी हसली, की समजावं, त्यातलं एक फसलंय.

नव्या चार्जरला हिरवा दिवा होता. तो बॅटरी भरली की लागायचा. अर्धी भरली तरी लागायचा. जिपारनं एकदा बॅटरी न घालताच तो सौरपट्टीच्या तारेला जोडून पाहिला, तर तेव्हाही लागला. एवढा आशावादी चार्जर मी जन्मात पाहिला नाही.

जिपारनं हे सासूला सांगितलं. सासूनं सासऱ्याला सांगितलं. सासरा म्हणाला, "हिरवा दिवा लागतोय ना? मग झालं." त्या दिव्यापुढे कुणाचं काय चालणार?

पहिल्याच संध्याकाळी नवी बॅटरी घालून मामिरकुलनं हालहवाल विचारायला बटण दाबलं आणि वॉकीटॉकी विझली. बटण सोडल्यावर पुन्हा पेटली. पलीकडून कुबातची बापाला हाक स्वच्छ आली, "अताके, ऐकू येत नाही. सगळं ठीक असेल तर बोलू नका." मग कुणीच बोललं नाही. त्यानंतर रोज असंच. लठ्ठ बाई ऐकायची छान, बोलायची नाही. मामिरकुल म्हणायचा, "नवीन आहे. रुळेल."

मी भांड्यांच्या पेटीमागे पडले होते. पण जिपारनं मला टाकलं नव्हतं. दर तिसऱ्या दिवशी, सासरा घोडा घेऊन बाहेर पडला की ती जुना चार्जर काढायची आणि मला तीन तास शांतपणे भरायची. थंडी वाढली तशी मला तिच्या कापूसभरल्या बंडीच्या आतल्या खिशात जागा मिळाली. माझ्यावर जीव होता म्हणून नव्हे. तिचा नवरा धारेपलीकडे एकटा होता, म्हणून.

सप्टेंबर अर्धा सरला. खालचे शेजारी यर्ट गुंडाळून उतरून गेले. आमचंही दोन दिवसांत निघायचं ठरलं होतं. त्या दुपारी वॉकीटॉकीतून रस्त्याच्या चौकीवरच्या माणसाचा आवाज आला, "वर जे कोणी असतील त्यांनी ऐका. संध्याकाळपर्यंत मोठं बर्फ येतंय. खिंडी बंद होतील. आजच उतरा."

शब्द न् शब्द ऐकू आला. म्हटलं ना, ऐकायला ती छानच होती.

मामिरकुलनं बटण दाबलं. "कुबात, बरा आहेस ना—" विझली. पुन्हा दाबलं. "कुबात, मेंढ्या—" विझली. पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा ती पेटलीच नाही. त्यानं ती चार्जरमध्ये घातली. हिरवा दिवा लगेच लागला.

चौकीचा आवाज धारेपलीकडे पोचत नाही. घोड्यानं धार ओलांडून जाऊन परत यायला सहा तास. बर्फ चार तासांवर. कुबात आकाशाकडे बघेल तेव्हा ढग धारेच्या या बाजूला असतील, त्याला दिसणारही नाहीत. मामिरकुल वॉकीटॉकी हातात धरून नुसता उभा होता.

"अताके, ती काढा. ही घाला."

चार वर्षांत सुनेनं सासऱ्याला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. सैराकानच्या हातातला पळा हवेतच राहिला.

मामिरकुल सुनेकडे बघत राहिला.

"अताके, लवकर! माझ्याकडे द्या, मीच घालते."

तिनं वॉकीटॉकी त्याच्या हातातून घेतली. हो, घेतली. लठ्ठ बाईला काढून मला बसवलं. मी तिच्या अंगाच्या उबेत होते म्हणून गारठले नव्हते. पण वय वय असतं. माझ्यात फार तर चार वाक्यं होती.

"कुबात, संध्याकाळी बर्फ येतंय. मेंढ्या घेऊन आत्ता निघ. तंबू तिथेच टाक."

तिनं बटण सोडलं. खरखर. मग, "कोण, जिपार? अताके कुठेत? बरे आहेत ना?"

बघा, शेवटी बापाचाच मुलगा!

"निघ म्हणते ना!" जिपार ओरडली, आणि मी संपले.

त्यानं ते ऐकलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मामिरकुल घोडा घेऊन धारेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. जिपारनं यर्टच्या दाराचा नमदा वर बांधला आणि ती उंबऱ्यातच बसून राहिली. सैराकाननं दोनदा चहा ओतला, दोनदा तो गार झाला. पहिले कण पडायला लागले तेव्हा वरून कुत्रा आला. मग मेंढ्या. सगळ्यांच्या शेवटी कुबात, भुवयांपर्यंत पांढरा. आल्याआल्या त्यानं बायकोला विचारलं, "माझ्यावर का ओरडलीस?"

जिपार दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली.

सकाळी, उतरायची बांधाबांध सुरू होण्याआधी, मामिरकुलनं लठ्ठ बाईला भांड्यांच्या पेटीवर ठेवलं आणि सुरीनं तिची कूस उघडली. आत करंगळीएवढा एक सेल निघाला. बाकी सगळी पांढरी, दाबून भरलेली माती. तो बराच वेळ ती चिमटीनं चोळत बसला. चाळीस वर्षांत त्याला मेंढीनं कधी असं फसवलं नव्हतं. मेंढी बिचारी माती भरून उभी राहत नाही.

"सूनबाई," तो मातीकडे बघतच म्हणाला, "पुढच्या बाजारी तू चल. मी घोडे धरून उभा राहीन."

जिपारनं सवयीनं सासूकडे तोंड वळवलं. "आपा, त्यांना सांगा—"

"मी काही सांगणार नाही," सैराकान म्हणाली. "काल बोललीस ना? आता तूच बोल. चार वर्षं तुमच्या दोघांचे निरोप पोचवून माझा घसा बसलाय."

जिपार लाल झाली. मग हळूच म्हणाली, "येईन, अताके."

माझं म्हणाल, तर त्या चार वाक्यांनंतर माझं पोट फुगलं. आता मी कुठल्याच वॉकीटॉकीत बसत नाही. सैराकान मला चुलीत टाकायला निघाली होती. जिपारनं हातातून ओढून घेतलं आणि बजावलं, की असल्या बॅटऱ्या विस्तवात फुटतात. माझीही तुम्हाला हात जोडून तेवढीच विनंती आहे. आयुष्यभर राबवलंत, आता निदान भाजू नका.

खाली गावात उतरल्यावर तिनं मला चिंधीत गुंडाळून शहराकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याकडे दिलं आणि कुठे द्यायचं ते समजावून सांगितलं. त्यानं भक्तिभावानं मान हलवली आणि मला गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवून दिलं. तेव्हा मी कुठे पोचेन ते सांगता येत नाही. वळणं फार आहेत. हा गृहस्थ प्रत्येक वळणावर समोरच्या गाडीवाल्याला थांबवून त्याची, त्याच्या आईची आणि त्याच्या गाईची खुशाली विचारतो. सुदैवानं, माझ्या जिवावर नाही.