शेवटचा आला की निघायचं

मी सॅक बोलतेय. इकडेतिकडे काय बघता? वर बघा, कपाटावर. मधल्या वयाची, बाजूंनी जरा सुटलेली. ज्या कारागिराने मला शिवलं, त्याला ऐन वेळी अशी शिंक आली की कारखान्यातले दिवे विझले आणि माझा डावा पट्टा उजव्यापेक्षा वीतभर लांब झाला. पट्टा मोजून बघा हवं तर. दिव्यांचं माझ्यावर सोडा.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. मला घेतलं ते फोटोसाठी. पहिल्याच सहलीला त्यांनी माझ्या पोटात इस्त्री भरली, डोंगरावर शर्ट चुरगळलेला नको म्हणून. तंबूपाशी पोचल्यावर गृहस्थ झाडाच्या बुंध्याभोवती प्लग शोधत फिरले. मी फेकत नाही. फार तर एखादं झाड जास्त सांगितलं असेल. घरी आल्यावर माझी रवानगी माळ्यावर, जुन्या पडद्यांखाली. उंदरांच्या तीन पिढ्या माझ्या खिशात वाढल्या.

मग डॉक्टरांनी डोंगरभटक्यांचं मंडळ काढलं. नाव 'रमतगमत'. नवशिक्यांसाठी, घाई नाही, शर्यत नाही, कुणाला मागे टाकणं नाही. ही रमतगमत चालणारी माणसं मनगटावरच्या घड्याळाला विचारल्याशिवाय श्वास घेत नसत. "आपल्याला कुठे घाई आहे!" असं म्हणत म्हणत एकमेकांच्या पुढे घुसत.

डॉक्टरांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, उभा जन्म शाळेत भूगोल शिकवत होत्या. फळ्यावर डोंगर काढायचा, मधे खिंड, अलीकडचं पाणी या नदीला, पलीकडचं त्या नदीला. खडूने बोटं पांढरी झाली, पण खऱ्या खिंडीत पाय म्हणून पडला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिराला विचारलं, "भाऊजी, मला एकदा त्या खिंडीत उभं राहायचंय. झेपेल का हो?"

"अहो वहिनी, तुमच्यासारख्यांसाठीच तर मंडळ काढलंय!"

आणि मी उंदरांसकट वहिनींकडे आले. त्यांनी मला धुतलं, उन्हात वाळवलं, डावा पट्टा दुमडून शिवला. जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या पाठीवर सरळ बसले.

मंडळाचा नियम एकच. शेवटचा आला की निघायचं. ऐकायला किती गोड! होतं काय, पुढचे आधी पोचतात, बूट काढतात, बिस्किटं खातात, फोटो काढतात. मागून वहिनी येतात, छातीचा भाता झालेला. त्या दिसल्या रे दिसल्या की सगळे ताडकन उठून पँटी झटकतात. "आल्या वहिनी! चला!" ज्यांना दम खायची गरज नाही ते पोटभर खातात, आणि जिला गरज, तिला टेकायलाही मिळत नाही. वर सगळ्यांच्या चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान.

"अजून किती, भाऊजी?"

"झालंच, आता झालंच!"

खुर्चीतल्या माणसाच्या दाढेत यंत्र फिरवतानाही डॉक्टर हेच म्हणतात.

खिंडीच्या सहलीत दुसऱ्या थांब्यावर वहिनींच्या धाकट्या जाऊबाई, म्हणजे डॉक्टरांची बायको, म्हणाल्या, "ताई, घरी थोडे जिने तरी चढायचे होतेत." आणि डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पुढचा थांबा वनखात्याच्या चौकीपाशी, तिथवर गाडीरस्ता आहे. तिथे धाप लागलेली दिसली, तर तिथूनच गाडीने खाली जायचं. तुमच्या काळजीपोटीच सांगतोय."

खिंड चौकीच्या लगेच वर होती. वहिनींनी माझे पट्टे इतके घट्ट धरले की मलाच धाप लागली.

चौकी दिसली. मंडळी वाऱ्याच्या तोंडावर, पायरीवर, बूट चढवून तयार. आणि हाकेच्या अंतरावर वहिनी थांबल्या. मला उतरवलं, सपाट दगडावर ठेवलं, माझ्यावर रेलून बसल्या. वरच्या कप्प्यातून संत्रं काढलं आणि एकेक फोड दोरे काढून काढून खाऊ लागल्या.

"वहिनी, या ना! आम्ही थांबलोय!"

"थांबा की! शेवटचा आला की निघायचं ना?"

वरती घामेजलेले शर्ट गार पडले. जाऊबाईंनी डोक्याला रुमाल गुंडाळला. डॉक्टरांचे दात असे वाजायला लागले की पलीकडच्या डोंगरावरून कुणीतरी दार उघडून बघितलं म्हणे.

"अहो वहिनी, अजून किती वेळ?"

"झालंच भाऊजी, आता झालंच!"

मग साली पिशवीत घालून त्या उठल्या आणि वर्गात शिरावं तशा चौकीपाशी आल्या. श्वास संथ. "बघा हो, धाप दिसतेय का?" डॉक्टरांचे दात अजून वाजतच होते. "मग चला," वहिनी म्हणाल्या.

खिंडीत सगळे फोटोत गुंतले होते. वहिनींनी बाटलीतलं उरलेलं पाणी निम्मं इकडच्या उतारावर ओतलं, निम्मं तिकडच्या. दोन्ही ओघळ दिसेनासे होईपर्यंत बघत राहिल्या. "बरोबर शिकवत होते मी," त्या पुटपुटल्या. ते फक्त मी ऐकलं.

आता मी माळ्यावर नाही, कपाटावर असते, हाताशी. नियम अजून तोच आहे. कारण तो बदलायचा, तर का बदलायचा ते आधी कुणीतरी डॉक्टरांना समजावायला हवं. म्हणून तुम्हालाच सांगते. आधी पोचलात तर मागून येणारीला बघून ताडकन उठू नका. जरा सरका, तिला टेकू द्या.

डॉक्टरांना हे कधी कळेल कोण जाणे. उद्या पुन्हा सहल आहे. आणि वहिनींनी मघाशीच माझ्या वरच्या कप्प्यात संत्र्याऐवजी डाळिंब ठेवलंय.