गाडी कोण चालवत होतं

एस्तेरबाईंना आपल्या नवऱ्याची शिसारी आली ती लग्नाच्या छत्तिसाव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, ओट्यावर चहाचा दुसरा कप देताना. तोवर त्यांना आमोसबुवांचा राग आला होता, कंटाळा आला होता, दोनदा तर पिशवी भरून माहेरी निघाल्याही होत्या. पण माणसाकडं बघवत नाही असं कधी झालं नव्हतं.

आमोसबुवा अमोलिक म्हणजे देवळाली प्रवरेपासून कोपरगावापर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांचं लाडकं माणूस. शाळेतून निवृत्त झाले, पण कीर्तनातून होतील असं कुणालाच वाटत नव्हतं. फेटा, उपरणं, हातात चिपळ्या. शुभवर्तमानातली गोष्ट सांगायला लागले की मागच्या रांगेतलं रडणारं पोरसुद्धा गप्प बसायचं. पेटीवर एस्तेरबाई, ढोलकीवर नोहा त्रिभुवन, झांजेवर नोहाची बायको रोझी. चौघांचा हा मेळ बारा वर्षांचा. नोहा एका दवाखान्यात अँब्युलन्स चालवायचा, नऊ वर्षं रोजंदारीवर. येत्या एक तारखेला तो कायम होणार होता. अट एकच, लायसनवर कसला डाग नको.

गेल्या महिन्यात सुरतेच्या मराठी मंडळीनं कीर्तनाला बोलावलं. नोहाच्या जुन्या सात सीटांच्या गाडीतून चौघं निघाले. पेठचा घाट उतरून, गुजरातेत शिरून वलसाडच्या पुढं रुंद रस्त्याला लागेपर्यंत नोहाच चालवत होता. पण जक्कयाचं, म्हणजे शुभवर्तमानातल्या त्या लुबाड्या जकातदाराचं, नवं आख्यान अजून बसलं नव्हतं, आणि ढोलकीवाल्याचे हात चाकावर असताना ते बसणार तरी कसं? बुवा म्हणाले, रस्ता सरळसोट आहे, चाक मी धरतो, तू मागं जाऊन ढोलकी घे. नोहानं भीतभीत विचारलं, लायसन हाय ना बुवा? बुवा म्हणाले, तू शाळेत होतास तेव्हापासून गाडी चालवतोय मी. हे काही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आख्यान रंगलं. येशूला बघायला जक्कय उंबराच्या झाडावर चढू लागला तशी लय दुगुनीत गेली, आणि लय जिकडं जाईल तिकडं बुवांचा पायही गेला. रोझी झांजेच्या आवाजावर ओरडली की बुवा बायबलातल्या येहू राजाच्या भरधाव रथासारखी गाडी हाकायला लागले. एस्तेरबाई हसल्या, पेटीचा भाता आणखी जोरानं मारला. वेगाच्या काट्याकडं कुणी बघितलं नाही. खांबावरच्या कॅमेऱ्यानं बघितलं.

आधी नोहाच्या मोबाईलवर मेसेज आला, मग पोस्टानं कागद. शंभरच्या रस्त्यावर एकशे सव्वीस. गाडी कोण चालवत होतं ते मालकानं पंधरा दिवसांत कळवावं, आणि ज्याचं नाव येईल त्याचं लायसन तीन महिन्यांसाठी स्थगित का करू नये, याचा खुलासा त्यानं द्यावा. बुवांनी कपाटातून आपलं लायसन काढून बघितलं, तर त्याची मुदत सरून दोन वर्षं झाली होती.

मंगळवारी हाच कागद मांडीवर घेऊन मंडळीचे सेक्रेटरी काकासाहेब ओहोळ ओट्यावर बसले होते. शेजारी नोहा. काकासाहेबांनी सगळं नीट समजावून सांगितलं. बुवांचं नाव दिलं तर एकाचे दोन गुन्हे होतात. नगरच्या ख्रिस्ती कन्व्हेन्शनमध्ये बुवांचं कीर्तन ठरलंय, तिथं विरोधी पार्टी टपून बसलीय. शिवाय मंडळीचं नाव. नोहा काय, तरुण आहे, तीन महिने निघून जातील, कायम होण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. तर नोहानंच आपलं नाव लिहावं.

नोहानं मान हलवली. बुवांसाठी एवढं तर करीन, म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कसलासा आनंद होता, आणि तो एस्तेरबाईंना बघवला नाही. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. बुवा चहात बिस्किट बुडवत होते. ते मऊ होईस्तोवर धरलं, तुटायच्या आत अलगद तोंडात टाकलं, आणि दुसरं घेतलं. एस्तेरबाईंना शिसारी आली ती तेव्हा.

"गाडी तुम्ही चालवत होता," त्या म्हणाल्या.

"ते कोण नाही म्हणतंय?" बुवा शांतपणे म्हणाले. "देवाच्या कामाला निघालो होतो, एस्तेर. मी प्रार्थना करतोय, मार्ग निघेल."

आणि खरोखरच ते रोज पहाटे प्रार्थना करायला लागले. प्रभू, मार्ग दाखव, प्रभू, मार्ग दाखव. आतल्या खोलीत अंथरुणावर पडल्या पडल्या एस्तेरबाई ऐकत. मार्ग तर काकासाहेबांनी ठेवून दिलेल्या कागदात, टेबलावर तांदळाच्या डब्याखाली घडी घालून ठेवलेला होता. छत्तीस वर्षं ज्या आवाजावर त्यांनी जीव टाकला तोच आवाज आता त्यांना तुपात तळल्यासारखा वाटायला लागला. त्या डोक्यावरून पांघरूण घेत.

गुरुवारी त्या रोझीकडं गेल्या. नोहाला समजाव, म्हणाल्या. रोझी पालेभाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"त्यांना म्या काय समजावू? बुवांनी विहिरीत उडी मार म्हनलं तर चप्पल काढून मारतील. तुमी बुवांना समजवा, बाई. तुमच्याकडं पेन्शन हाय. आमच्याकडं लायसन हाय."

एस्तेरबाई उठून आल्या. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भाता तर त्यांनीही मारला होता.

पंधरावा दिवस रविवारी होता. त्याच दिवशी राहुरीजवळच्या एका वस्तीवर उपासनेनंतर कीर्तन आणि मग जेवण. काकासाहेब सकाळीच सांगून गेले, जेवणं झाली की दुपारी मोबाईलवर नोहाचं नाव भरून टाकू.

कीर्तन उभं राहिलं. जक्कयाचंच आख्यान. त्या दिवशी बुवांचा गळा काय लागला होता म्हणून सांगू. मांडवाबाहेर उसाच्या ट्रॅक्टरवरची माणसं इंजिन बंद करून उभी राहिली. जक्कय झाडावरून उतरला. येशू त्याच्या घरी गेला. आणि जक्कय उभा राहून म्हणाला की ज्याचं मी अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत देतो. तिथं बुवा थांबले. फेटा काढून पायाशी ठेवला. म्हणाले, मंडळी, जक्कय लांब शोधू नका. तुमच्यासमोर उभा आहे. वेगाची मर्यादा मी मोडली, गाडी मी चालवत होतो, आणि माझं ओझं मी माझ्या भावाच्या खांद्यावर टाकायला निघालो होतो. त्यांचे डोळे वाहत होते. म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले. नोहाचे हात ढोलकीवरून सुटले.  देव पावला, असं एस्तेरबाईंना वाटलं, आणि जयगानाला त्यांनी मनापासून सूर दिला.

मग हार झाले. माणसं रांग लावून बुवांचा हात हातात घेऊ लागली. काकासाहेबांनी रुमालानं नाक पुसलं. म्हणाले, बुवा, कन्व्हेन्शनला हेच घ्या, अगदी हेच, फेट्यासकट.

पंगतीत एस्तेरबाई नवऱ्याशेजारी बसल्या. "मग फॉर्म आता भरायचा ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"भरतील की काकासाहेब."

"कुणाच्या नावानं?"

बुवांनी भात कालवला. "हे बघ, देवासमोर बोललो, मंडळीसमोर बोललो. आता सरकारी कागदावर कुणाचं नाव आहे याला काय अर्थ राहिला? नोहानं तर मला मिठी मारली."

 हा माणूस लबाडी करत नव्हता, हेच वाईट होतं. तो खरोखर रडला होता, रडून हलका झाला होता, आणि आता त्याला भूक लागली होती. वांग्याचा रस्सा त्याच्या मिशीला लागला होता.  एस्तेरबाईंनी ताट बाजूला सारलं, उठून पलीकडच्या पंगतीत गेल्या आणि नोहापुढं हात केला.

"मोबाईल दे."

नोहानं उष्ट्या हातानं खिसा दाखवला. त्यांनी स्वतःच मोबाईल काढून घेतला, त्यालाही उठवून आणलं आणि नवऱ्यासमोर जमिनीवर बसल्या. काकासाहेब वाढता वाढता जवळ आले, बाई, आत्ता कशाला, लोक बघतात, म्हणाले. लोक बघतातच, एस्तेरबाई म्हणाल्या, मघापासून बघतात, आता थोडं आणखी बघू दे. मग त्यांनी आवाज खाली आणला. फक्त बुवांना ऐकू जाईल इतका.

"तुम्ही मघाशी रडलात ते खोटं असतं तर मी समजून घेतलं असतं. ते खरं होतं म्हणून मला किळस आली. जक्कय रडल्याचं कुठं लिहिलेलं न्हाई. त्यानं परत दिलं एवढंच लिहिलंय. नोहाचं लायसन गेलं तर मी पेटी उचलून रोझीच्या घरी नेऊन ठेवीन, आणि तुम्ही कोरडे गा."

 वाढप्या आला, वाटी घेऊन परत गेला. मग बुवांनी पाण्यानं हात धुतला, उपरण्याला पुसला आणि मोबाईल घेतला. नाव. जन्मतारीख. लायसनचा नंबर त्यांना पाठ नव्हता. पाकिटातून कार्ड काढून एकेक आकडा बोटानं दाबत गेले. मुदत कधी संपली या रकान्याशी थांबले. नोहा म्हणाला, बुवा, राहू द्या ना. बुवांनी मान हलवली आणि तारीख भरली. बिगर लायसनवाल्याच्या हाती गाडी दिली म्हणून मालकालाही दंड बसेल, असं खाली आलं होतं. तो मी भरतो, बुवा म्हणाले, तुझ्या लायसनला तर हात लागत नाही ना. तेवढ्यात ओटीपीचे सहा आकडे नोहाच्या नंबरवर आले, ते टाकून त्यांनी बटण दाबलं.

कुणी आभार मानले नाहीत. नोहाचं तोंड उतरलं होतं, जणू त्याच्याच हातून काही पडून फुटलं. रोझी झांजांची पिशवी बांधत बसली होती, ती तशीच बांधत राहिली. काकासाहेब कन्व्हेन्शनवाल्यांना फोन करायला मांडवाबाहेर गेले.

मोबाईल पुन्हा वाजला. बुवांनी चष्मा सारखा करून दोनदा वाचलं. समक्ष हजर राहावं लागणार होतं, पुढच्या महिन्यात, वलसाडला.

"बसनं जावं लागेल," ते म्हणाले. मग कीर्तनातल्या नव्हे, साध्या आवाजात विचारलं, "तू येशील?"

एस्तेरबाईंनी आपलं ताट पुढं ओढलं. भात गार झाला होता.

"तुमच्याकडं अजून बघवत न्हाई मला," त्या म्हणाल्या. "पण येते."