अकरा लाल टाके

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही सख्ख्या बायकोशी, सुईदोऱ्याने.

त्यांना मास्तर म्हणत ते कपडे शिवायचे म्हणून. बायको शाळेची बस चालवायची, चांगली सत्तावीस वर्षं. पोरं तिला बसमावशी म्हणत आणि पोरांचे आईबापही बसमावशीच म्हणत, कारण त्यातले निम्मे तिच्याच बसमधून शाळेत गेलेले. नवरा घरात बसून काजं करतो आणि बायको अख्खी बस हाकते, यावर गल्लीत एवढे विनोद होऊन गेले होते की आता कुणी नवा काढायच्या भानगडीत पडत नसे.

तर एकदा बसमावशी गणवेशाचा कोट घालून आरशापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, हा डावीकडे का ओढला जातोय? हात बसलाय की उठलाय तुमचा?”

मास्तरांनी टेप लावली, पुन्हा एकदा लावली. कोट सरळ होता. बायको वाकडी होती. डावा खांदा अर्धा इंच खाली, कंबर उजवीकडे सरकलेली.

आता कुणीही शहाणा माणूस तिथल्या तिथे बोलला असता की नाही? पण मास्तरांच्या उस्तादाने त्यांना धंद्यातला एक नेम घालून दिला होता: गिऱ्हाइकाच्या अंगाचं व्यंग टेपने बघायचं, वहीत लिहायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. पोक असो, सुटलेलं पोट असो, एक हात आखूड असो, कापडाने झाकून द्यायचं. तीस वर्षं हेच केलेला माणूस. “माझंच चुकलं गं,” म्हणाले, आणि डाव्या खांद्यात एक पातळ पॅड घातलं. दोन महिन्यांनी पाऊण इंच झालं, तेव्हा पॅड जाड केलं. मग एक इंच. दर वेळी वहीत तारीख आणि माप, आणि तोंडातून चकार शब्द नाही. ती कंबर अवघडते म्हणायची, तेल चोळायची आणि सकाळी बसवर जायची. आठ महिने हे चाललं!

मग एका सकाळी वळणावर ब्रेक दाबताना तिच्या कमरेतून अंगठ्यापर्यंत अशी कळ गेली की पाऊल कुठे आहे तेच कळेना. बाईने दात खाऊन बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, एकोणीस पोरं दुसऱ्या बसमध्ये नीट चढेपर्यंत मोजली. शेवटचं पोर गेल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली.

मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढले. कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली होती आणि नस दाबत होती. पायात जोर अजून शाबूत होता, म्हणून त्यांनी सहा आठवड्यांची मुदत दिली. तेवढ्यात उतार पडला तर ठीक, नाहीतर ऑपरेशनचा विचार. आणि डॉक्टरांच्या सहीशिवाय बसला हात लावायचा नाही. “तोवर यांच्याकडे जा,” म्हणून त्यांनीच एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. त्या कायरोप्रॅक्टर होत्या, म्हणजे चाकू न लावता हातांनी मणक्यांवर उपचार करणाऱ्या.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत छतापासून एक दोरी लोंबत होती, खाली वजन बांधलेलं. तिच्यामागे बसमावशीला पातळ झग्यात उभं केलं, समोर आरसा. दोरी सरळ आणि बाई तिरकी.

“हे असं कधीपासून?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“हे... असं नव्हतंच हो!” बसमावशी गोंधळली. “कालपर्यंत आरशात सरळ होते मी.”

डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवरचा कोट उचलला, दोन्ही खांदे चिमटीत धरून पाहिले आणि मास्तरांकडे वळल्या. मास्तरांनी खिशातून वही काढून पुढे केली.

“अर्धा, पाऊण, एक,” डॉक्टरीणबाई तारखा वाचत गेल्या. “नस दबू नये म्हणून अंग आपोआप बाजूला झुकतं. पण मास्तर, हे इतकं बारकाईने कुणीच लिहून आणत नाही. मला याचा फार उपयोग होईल.”

घरी आल्यावर बसमावशीने तोंड उघडलं, आणि नवऱ्याला “मास्तर” म्हणाली. ती अशी हाक मारायची तेव्हा घरातली भांडीसुद्धा गप्प बसायची.

“मास्तर, माझं अंग वाकडं झालं, ते तुमच्या वहीला माहीत आणि मला नाही?”

“तुला वाईट वाटेल म्हणून...”

“वाटलं असतं वाईट! आणि आठ महिन्यांपूर्वीच डॉक्टरकडे गेले असते!”

मास्तरांनी मान खाली घातली.

तिने कोट त्यांच्यापुढे टाकला. “उसवा सगळं. सरळ माणसाला शिवतात तसा शिवा. दिसले वाकडी तर दिसू दे.” मास्तरांनी पॅड काढलं, खांदा पुन्हा बसवला. पण एवढ्यावर भागलं असतं तर ती बसमावशी कसली! जिने जन्मात सुई धरली नव्हती तिने लाल दोरा ओवला आणि डाव्या खांद्याचं अस्तर स्वतःच्या हाताने बंद केलं. अकरा टाके घातले, एक लांब, एक आखूड, मध्ये गाठी. “आता याला हात लावून दाखवा,” म्हणाली. मास्तरांना ते टाके बघवेनात, पण बोलायची सोय होती का?

तो लोंबता कोट घालून ती आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊ लागली. मास्तरांना वाटलं होतं, आत कडाकडा आवाज येतील. तसलं काही नव्हतं. टेबलाचा कमरेखालचा भाग हळूहळू खाली जायचा, वर यायचा, आणि डॉक्टरीणबाईंचा तळवा कमरेवर असायचा. “मी नुसती जागा करून देते,” त्या म्हणायच्या. “सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आणि हे बघा, पाऊल लुळं पडलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर माझी वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.”

घरच्या व्यायामासाठी मास्तरांनी कापडं बेतायचं मोठं टेबल रिकामं करून दिलं. तिथे ती पालथी पडून कोपरांवर उठायची, दिवसातून पाच वेळा. गिऱ्हाइकं आली तर तिच्याच पायाशी मापं द्यायची. तिसऱ्या आठवड्यात कंबर इतकी दुखली की ती म्हणाली, “झालं, आता कापूनच घेऊ.” डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि विचारलं, “पोटरीत?” पोटरीत कळ नव्हती. “पायातून निघून कमरेत चाललीय, ही चांगली खूण आहे. थोडा दम धरा.” बसमावशीने दम धरला. मास्तरांनीही धरला, पण मापं चुकवली, आणि एका भल्या माणसाची विजार गुडघ्यापर्यंतच आली.

सहा आठवडे संपून मोठ्या डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तिने कोट चढवला, बटणं लावली आणि आरशात बघतच राहिली. दोन्ही खांदे सारखे दिसत होते.

“मास्तर,” ती हळूच म्हणाली. “परत काही केलंत ना?”

“तुझी शप्पथ, नाही गं!”

तिने कोट काढला, उलटा केला, चष्मा लावला. खिडकीशी जाऊन बोटाने एकेक टाका मोजला. अकरा. लांब, आखूड, मध्ये गाठी.

“एवढे वाईट टाके मला सात जन्मांत जमायचे नाहीत,” मास्तर काकुळतीने म्हणाले.

तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून धार लागली. “अहो,” ती म्हणाली, “माप घ्या. आणि मोठ्याने वाचा.”

मास्तर जमिनीपासून टेप लावायला बसले. “डावा खांदा, चार फूट दोन इंच. उजवा...” त्यांचा आवाज फुटला, पण वाचलं त्यांनी. “उजवा चार फूट दोन इंच. कंबर...”

“कंबर काय?”

“दीड इंच वाढलीय.”

“तेही खरंच असणार,” ती डोळे पुसत म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी पायाची ताकद पाहिली, ऑपरेशनचं नाव खोडलं आणि सही केली: व्यायाम चालू ठेवायचे, आधी अर्धा दिवस बस. तिथून दोघं सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेले. बसमावशीने त्यांचे दोन्ही हात धरले. “या हातांनी मला माझी पोरं परत दिली,” म्हणाली, आणि पुढचं तिला बोलवेना. मास्तरांनी तर वाटेत चार वाक्यं घोकली होती. एकही आठवेना. ते नुसते डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाकडे बघत राहिले.

“काय झालं, मास्तर?”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने मानेनेच ‘सांगा’ म्हटलं.

“तुमचे उपकार कसे फेडायचे ते कळत नाही हो,” मास्तर म्हणाले. “पण एक सांगतो. तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. कोटाचा दोष नाही त्यात.”

डॉक्टरीणबाई जाऊन त्या लोंबत्या दोरीमागे स्वतः उभ्या राहिल्या.

“वही काढा, मास्तर,” त्या म्हणाल्या.