दीड अंश

पहिल्या फोटोत क्षितिज सरळ होतं. चौथ्यात शंका यावी इतपत कललेलं, नवव्यात एक अंश, आणि शेवटच्या, चौदाव्या फोटोत दीड अंश. वनमालाने कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोवर रेघ ओढून कोन मोजला होता. एकदाही तो उलटा फिरला नव्हता. क्षितिज उजवीकडे उतरत गेलं होतं, म्हणजे कॅमेरा चाळीस मिनिटांत हळूहळू डावीकडे झुकत गेला होता.

"बाई, तू फोटो काढायलीस का जमिनीची मोजणी करायलीस?" रामप्रसाद म्हणाला.

दोघं तेलगावच्या शाळेत एका वर्गात होते. आता त्याचा बीडला फोटो स्टुडिओ होता, लग्नांचं काम जोरात होतं. ती माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर शेतकऱ्यांनी पिशव्यांतून आणलेली माती वाळवायची, चाळायची, मोजायची, आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरांचे फोटो काढायचे. कॅमेरा तिने रामप्रसादकडूनच जुना घेतला होता. लेन्स मागून नेत असे.

"तुझा स्टँड घसरायलाय," त्याने निदान केलं. "डाव्या पायाचा खटका ढिला झाला असंल. सगळे हीच चूक करतात. कॅमेऱ्यावर जीव टाकायचा, लेन्सवर टाकायचा, आणि पाय घ्यायचे बाजारात दिसतील ते. उघड्या रानात पाय महत्त्वाचे, वनमाला."

तिने ऐकून घेतलं. मग स्टँड प्रयोगशाळेत नेला, फरशीवर उभा केला, खटक्यांच्या कडेला पेन्सिलीने खुणा केल्या आणि मधोमध पाच किलो मातीची पिशवी टांगली. दुसऱ्या दिवशी खुणा जागच्या जागी होत्या. तिसऱ्या दिवशीही.

"मग वारा असंल," रामप्रसाद म्हणाला.

"फोटो काढले त्या रविवारी पान हलत नव्हतं."

"तुझा धक्का लागला असंल."

"चौदा वेळा? एकाच बाजूला?"

रामप्रसादने स्टुडिओच्या भिंतीकडे पाहिलं. त्या चौदांतलाच एक फोटो त्याने तीन फुटी मोठा करून लावला होता. क्षितिज तिने कॉम्प्युटरवर सरळ करून दिलं होतं. एका कोपऱ्यात तिच्या स्टँडचा डावा पाय आला होता, तो कापून टाकला होता. चौदा मिलिमीटरच्या रुंद लेन्सची ही खोड असते. समोरचं सगळं तर ती घेतेच, आपल्या पायाखालचंही घेते.

फोटो पाली गावाच्या पुढच्या एका जुन्या साठवण तलावातला होता. मे महिन्यात तिथलं पाणी भिंतीशी डबक्याएवढं उरतं, बाकी सगळा भेगाळलेला गाळ. पण एके ठिकाणी त्या भेगा वेगळ्या होत्या. एकामागे एक लांब कमानी, थेट बालाघाटच्या रांगेपर्यंत नजर नेणाऱ्या. कमानींची टोकं दोन्हीकडून पाहणाऱ्याकडे वळत होती. स्टुडिओत येणारे म्हणायचे, फोटो आपल्याला कवेत घेतो. आणि लगेच विचारायचे, ही जागा कुठं आली?

"चल, आज जागेवरच बघू," रामप्रसाद उठला. "माझा स्टँड, तुझीच फ्रेम. क्षितिज हललं तर हा स्टुडिओ तुझ्या नावावर करतो."

"मला आज लांबची लेन्स दे. मी तलावाच्या भिंतीवरून बघते."

"लांबून काय दिसणार? सगळं सपाट. रुंद लेन्स लावायची आन् विषयाच्या अंगावर जायचं, तवा फोटोला जीव येतो." तरी त्याने सत्तर-तीनशेची लेन्स तिच्या पिशवीत टाकली.

सव्वासहाला ते तलावावर पोचले. ऊन उतरलं होतं, पण मातीतून अजून झळ येत होती. रामप्रसाद आपला जाडजूड स्टँड खांद्यावर टाकून गाळात उतरला. नव्वद किलोचा माणूस, पांढरा सदरा, चालताना ढेकळं करकरत होती. वनमाला मातीच्या भिंतीवर चढली. तिथून ती जागा तीनशे मीटरवर होती. एक टिटवी सारखी ओरडत होती आणि थांबली की सगळा तलाव ऐकू येईल इतका गप्प वाटत होता.

तिने लेन्स लावली, स्टँड समतोल केला आणि डोळा लावला.

आधी तिला शेरडांची वाट दिसली. खुरांचे ठसे ओल्या गाळात उमटून तसेच वाळले होते. वाट काठावरून सरळ पाण्याकडे येत होती. मधेच तिने मोठं वळण घेतलं होतं आणि मग पुन्हा ती सरळ रेषेत लागली होती. वळण सुरेख होतं. फोटोत घ्यावं म्हणून तिने लेन्स थोडी डावीकडे फिरवली, तेव्हा वळणाच्या आतल्या कमानी दिसल्या. रविवारी तिने त्या जवळून पाहिल्या होत्या आणि लेन्सच्या मापाने तिला त्यांचा समोरचाच भाग दिसला होता. इथून त्या संपत नव्हत्या. प्रत्येक कमान मागून फिरून स्वतःला येऊन मिळत होती.

एकात एक पाच वर्तुळं होती. सर्वांत आतल्या वर्तुळात पांढरा सदरा उभा होता.

वनमालाने प्रयोगशाळेतल्या तबकांत हजारो वेळा गाळ वाळताना पाहिला होता. तो आक्रसतो आणि फुटतो, पाच-सहा कोनांच्या खपल्या होतात. वर्तुळं होत नाहीत. वर्तुळं व्हायला त्याला मधून कोणीतरी खाली ओढावं लागतं. हे तिला आधी कळलं आणि भीती मागून आली.

"तिकडं कावून गेला त्यो?"

मागे एक म्हातारी शेरडं घेऊन उभी होती. ही छबुबाई, काठावरच्या वस्तीतली. रविवारी वनमालाने तिच्याकडे पाणी मागितलं होतं.

"फोटो काढायला. मावशी, तिथं काय आहे?"

"हीर हाय. आमच्या मामंजींची. तलाव बांधला तवा त्यात गेली."

"बुजवली नव्हती?"

"लोकं म्हणले बुजवा. मामंजी म्हणले, पाण्याचं तोंड कुनी बुजवितं का? बाभळीचे वासे टाकले, वर काट्याकुट्याचा फास टाकला, वर माती. सात परस खोल हीर, माय. लई पानी." मग शेरडांकडे हात करून म्हणाली, "ही बी जात न्हाईत तिकडून. हाकलली तरी जात न्हाईत."

"कधी टाकले वासे?"

"माझं लगीन झालं, त्याच्या दुसऱ्या साली."

वनमालाने त्या सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन काढला.

"हां, बोल," रामप्रसादचा आवाज आनंदात होता. "झालीच तुझी फ्रेम. तिकडून हलायलं का क्षितिज?"

"पाय उचलू नको."

"का? साप हाय?"

"तू विहिरीवर उभा आहेस."

"आता तलावात विहीर दिसायली का तुला? अगं, दगडासारखी जमीन हाय. हे बघ..."

लेन्समधून तिला त्याची टाच वर जाताना दिसली.

"आपटू नको!"

इतक्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती. शेरडं बिचकून मागे सरली. रामप्रसादची टाच हवेतच राहिली आणि मग अगदी हळू खाली आली.

"मस्करी करायलीस ना?"

"तुझ्या स्टँडवरचा समतोलाचा बुडबुडा बघ. लावलास तेव्हा मधे होता?"

"होता की."

"आता कुठे आहे?"

टिटवी ओरडत राहिली. लेन्समध्ये तो स्टँडवर वाकला. "उजवीकडं गेलाय. डावा पाय खाली बसलाय, वनमाला."

"पोटावर झोप. एकदम नाही, आधी गुडघे. हातपाय पसर. फोन स्पीकरवर टाकून खिशात ठेव. तुझ्या उजव्या हाताला शेरडांची वाट आहे, तिकडे सरपटत ये."

"कॅमेरा?"

"राहू दे."

"अगं, सोमवारी लग्न हाय..."

"राहू दे, रामप्रसाद."

तो आडवा झाला. लेन्समध्ये पांढरा सदरा पालीसारखा जमिनीला चिकटला. वनमाला एकेक रेघ मोजत राहिली.

"एक ओलांडलीस. चार राहिल्या."

"असं सरपटायला शाळेत कवायतीच्या सरांनी लावलं होतं. तवा तू हसली होतीस."

"बोलू नको. दोन."

"बोलू दे. गप्प बसलो की आवाज येतोय."

"कसला?"

"खालून. कुणी पापड मोडायलंय, असा."

तिने डोळा लेन्सवरून काढला नाही. तिसरी रेघ त्याच्या छातीखालून गेली तेव्हा ती किंचित रुंद झाली. तिने ते पाहिलं आणि त्याला सांगितलं नाही. "तीन," एवढंच म्हणाली. "चार. उजवा हात पुढे टाक. अजून. पाच."

छबुबाई लेन्सशिवाय पाहत होती. "ठशांवर आला. उठ म्हन त्याला. तितून पुढं पक्कं हाय."

रामप्रसाद उठला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. भिंतीपाशी येईपर्यंत त्याचा सदरा गाळाच्या रंगाचा झाला होता. तो खाली बसला आणि त्याने दोन्ही तळहात जमिनीवर दाबून पाहिले, मग पुन्हा दाबून पाहिले.

"उद्या दोरी आणू," तो म्हणाला. "शिडी आडवी टाकू. निघंल कॅमेरा."

वनमाला मघापासून दर मिनिटाला एक फोटो घेत होती. पहिल्या फोटोत त्याच्या स्टँडचं डोकं मागच्या बाभळीच्या बेचक्यात बरोबर बसलं होतं. चौथ्यात ते बेचक्याच्या खाली होतं. सातवा घ्यायला तिने बटणावर बोट ठेवलं आणि समोर स्टँड नव्हता. तो पडताना दिसला नाही. आतलं वर्तुळ काळं झालं, त्याच्या बाहेरचं त्यात गेलं आणि मग त्याच्याही बाहेरचं.

आवाज नंतर आला, सेकंद भरायच्या किंचित आधी, तीनशे मीटरला लागतो तितक्या वेळाने. धप्प. आणि त्याच्यामागून, फार खालून, पाण्याचा.

"अजून पानी हाय," छबुबाई म्हणाली. सासरच्या श्रीमंतीबद्दल बोलावं तसं. मग तिने कमरेची कुऱ्हाड काढून रामप्रसादपुढे धरली. "ऊठ. बाभळीच्या काट्या तोड. वाटेच्या बाहेरून लाव, आत जाऊ नको. लोकं येयला लागलेत हल्ली हितं फोटूला."

तो उठला. वनमालाच्या कार्डावर रविवारचे फोटो अजून होते. ती ते उलटे चाळत मागे गेली. पहिला फोटो, न कापलेला. कोपऱ्यात तिच्या स्टँडचा डावा पाय, रबरी बूड गाळावर टेकलेलं. चौदावा. रबर दिसत नव्हतं, नळी सरळ मातीत शिरली होती. कमानींची टोकं दोन्हीकडून पाहणाऱ्याकडे वळत होती. तशी ती वळायची तर पाहणारा मधोमध उभा असावा लागतो. त्या दिवशी ती तिथे चाळीस मिनिटं उजेडाची वाट पाहत उभी होती.

अंधार पडायच्या आत त्यांनी काट्या लावल्या. रामप्रसादचे हात रक्ताळले होते. गाडीपाशी तो म्हणाला, "भिंतीवरचा तुझा फोटो उद्या उतरवतो."

"उतरव. त्या जागी चौदावा लाव. स्टँडच्या पायासकट, कललेला आहे तसाच."

"गिऱ्हाईक विचारंल, क्षितिज वाकडं का."

"विचारू दे," वनमाला म्हणाली. "मग सांग."