वन्संच्या हाती खातं

शिवणवाल्या वहिनींचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि त्यांच्या मुलाच्या जिभेवर साखर पसरली. "आई, बँकेचं तू बघूच नकोस. मी आहे ना!"

मुलगा लबाड नव्हता हो. खोड एकच, आईचं भलं त्याला आईपेक्षा जास्त कळायचं. मागे कापडं कापायला मोठं टेबल घ्यायचं म्हणून तिने त्याला पैसे काढायला पाठवलं, तर हा ते मुदतठेवीत टाकून आला आणि वर शाबासकीची वाट बघत उभा राहिला. आता पायाने मशीन मारणं बंद. विजेचं मशीन आलं नाही, तर वहिनींची शिवण कायमची गुंडाळली जाणार होती. आणि मुलाचं पालुपद ठरलेलं, "आता आराम कर."

बँकेतली मुलगी जिने चढून धापा टाकत घरी आली. "पैसे काढायचा अधिकार कोणाला द्यायचा?"

मुलाने शर्टाची कॉलर सारखी केली.

"वन्संना," वहिनी म्हणाल्या.

"आत्याला? अगं, तुमचा अबोला आहे!"

होताच. समोरच्याच दारात राहणाऱ्या नणंदेचं ब्लाउजचं माप घेताना वहिनी नुसतं "अगंबाई!" म्हणाल्या होत्या, तेव्हापासून. पण जादा किल्ली वन्संकडेच राहिली होती. वहिनी स्टुलावरून पडल्या तेव्हा त्याच दार उघडून आत आल्या, डॉक्टरला बोलावलं आणि भिंतीला म्हणाल्या, "काहींना या वयात माकडचेष्टा सुचतात." मग रात्रभर उशाशी बसून राहिल्या. घोरल्याही.

वन्संना बोलावलं. त्या येऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"यांना विचारा, जमेल का?" वहिनी बँकेच्या मुलीला म्हणाल्या.

"त्यांना सांगा, बघू," वन्सं म्हणाल्या.

मुलीने पेन खाली ठेवलं. "असं नाही चालत. तुम्ही दोघींनी एकमेकींशी बोलून ठरवलंय हे मला माझ्या कानांनी ऐकायला हवं. नाहीतर मी चालले."

मुलगा आशेने पुढे सरकला. ते बघितलं आणि वहिनींनी घसा खाकरला.

"वन्सं, मी म्हणेन तेव्हा, म्हणेन तेवढे पैसे आणून द्याल?"

वन्सं सावकाश वळल्या. "आणीन. पण कशाला हवेत ते विचारीन."

"विचारा. मी सांगणार नाही."

"मग भांडीन."

"भांडा की! आधी पैसे माझ्या हातात ठेवायचे, मग भांडायचं."

"तसंच करीन. तुझे पैसे आहेत, माझ्या बापाचे थोडेच?"

बँकेच्या मुलीने मान डोलावली. "आणि हा अधिकार तुम्ही केव्हाही काढून घेऊ शकता बरं का."

"ऐकलंत ना, वन्सं?"

"ऐकलं. मीही केव्हाही सोडू शकते ना?" वन्संनी मुलीला विचारलं. मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "आणि मशीन घेणारच असशील तर त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून नको. ठग आहे मेला."

"मशीनचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पाय मोडलेली शिंपीण दुसरं काय घेणार? घोडा?"

दोघींच्या सह्या झाल्या, तोवर दुकानावरून आवाज चढला होता. मुलाने दोनदा "आई, अगं..." म्हणून पाहिलं. शेवटी तो मुकाट्याने चहाचं आधण ठेवायला आत गेला.