अंगठ्याची साक्ष

माझ्या मेहुण्याला गिऱ्हाइकं 'झगमग' म्हणतात आणि मला 'कात्री'. दोन्ही नावं बरोबर आहेत. जुनी मोटरसायकल आमच्याकडे आली की मी आधी तिच्यातलं काय काढता येईल ते बघतो आणि तो काय लावता येईल ते. मडगार्ड, साइड पॅनेल, मागची लांबलचक सीट असलं सगळं गेलं आणि इंजिन, दोन चाकं, बसायला वीतभर जागा एवढंच उरलं की मला ती गाडी वाटते. त्याला पुढचे शॉकअप हातभर लांब हवेत, हॅन्डल खांद्याच्या वर हवं आणि क्रोम इतकं की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. त्याची स्वतःची गाडी रस्त्यात उभी असली की लोक आधी हसतात, मग तिच्यासोबत फोटो काढतात.

चौदा वर्षं आम्ही एका शटरखाली काढली. गिऱ्हाइकांतही दोन तट पडले. एक दातांचे डॉक्टर त्याच्याकडून गाडीला सात दिवे लावून घेऊन गेले. एक कॅशियर माझ्याकडे येऊन प्रत्येक खेपेला गाडीतलं काहीतरी कमी करून नेतो. "दाजी, आता चाकंच राहिली आहेत," मेहुणा म्हणतो, "पुढच्या वेळी त्यातलं एक काढा." मी हसत नाही. बायकोचा भाऊ असला म्हणून त्याच्या प्रत्येक विनोदाला हसायचा करार मी केलेला नाही.

यंदा माझ्या लेकीने स्वतःच्या पगारातून एक जुनी गाडी घेतली. ती एका लॅबमध्ये रक्त तपासते, आणि लहानपणापासून वर्कशॉपमध्ये वाढल्यामुळे पान्यांचे नंबर तिला पाढ्यांसारखे पाठ आहेत. तिच्या ग्रुपच्या अकरा गाड्या एका रविवारी डोंगरातल्या रस्त्याने चारशे किलोमीटर जाणार होत्या. "चेसिस बाबांनी करावी, रंग मामाने," ती म्हणाली. मी म्हणालो, सगळं मी करीन, आणि या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालणार नाही. मेहुणा काही बोलला नाही. तो गप्प बसला की मला शंका येते, कारण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नाही.

मी चेसिसचं शेपूट कापलं, वाकवलेला पाइप जोडला आणि मागचे शॉकअप जिथे बसतात त्या पट्ट्या नव्याने वेल्ड केल्या. हल्ली उजेडाचा फार त्रास होतो. बल्ब भिकार मिळतात, हेल्मेटची काचही पूर्वीसारखी येत नाही. पण वेल्डिंग झाल्यावर मी अंगठा फिरवून बघतो. जोडावरची माझी रेघ बारीक, एकसारखी, जवळजवळ शिवणीच्या टाक्यांसारखी. मेहुण्याची रुंद आणि ओबडधोबड. माणसाचं अक्षर ओळखावं तशी वेल्डरची रेघ ओळखता येते.

मंगळवारी सकाळी मी सहज डाव्या पट्टीखाली अंगठा फिरवला आणि हात तिथेच थांबला. रेघ माझी नव्हती.

उजवीकडे बघितलं. तीही नव्हती. वरून काळा रंग मारून ठेवला होता, पण अंगठ्याला रंगाने फसवता येत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. माझी काटछाट त्याला कधीच बघवली नाही हे मला ठाऊक होतं. आज पट्टी बदलली, उद्या शॉकअप लांब करील, परवा हॅन्डल वर चढेल, आणि रविवारी माझी लेक त्याच्या जत्रेतला घोडा होऊन निघेल.

मी मूग गिळून बसलो आणि डोळ्यांत तेल घालून सगळ्यांकडे बघायला लागलो. ग्राइंडरची नवी चकती अर्धी झिजलेली दिसली. मेहुण्याच्या ड्रॉवरला एकाएकी कुलूप आलं. तो आणि लेक बोलत असायचे आणि मी आत गेलो की पावसापाण्यावर यायचे. घरी बायको ताट वाढताना म्हणाली, "अहो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जाताय?" मी म्हणालो, "माझे डोळे तुझ्या भावावर आहेत, चांगले लागलेत." ती भाजीची वाटी ठेवून आत निघून गेली. तीही सामील होती की काय, असं मला वाटून गेलं.

गुरुवारी मी पाइप आणायला जातो म्हणून निघालो आणि कोपऱ्यावरून परत फिरलो. शटर अर्धं खाली होतं. वाकून बघितलं. मेहुणा गाडीखाली आडवा होता, मधल्या जोडावर त्याची ठिणगी उडत होती. आणि शेजारी उकिडवं बसून त्याला दिवा धरला होता माझ्या लेकीने.

एरवी मी शटर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी आल्या पावली मागे फिरलो. मेहुण्याचं मी काहीही सोसलं असतं, पण तिने तो दिवा धरायला नको होता. मला फार लागलं ते. मी खरोखरच जाऊन पाइप घेऊन आलो आणि दोघांना काही विचारलं नाही.

शनिवारी मेहुण्याला एक गाडी पोचवायला पाठवलं आणि शटर आतून लावलं. कामाआधी पाइपचे दोन तुकडे जोडून नमुना करायचा ही माझी सवय आहे. तो केला, अंगठा फिरवला, सुरेख. मग ग्राइंडर घेऊन त्याच्या रुंद रेघा साफ घासून काढल्या आणि सगळे जोड पुन्हा माझ्या हाताने केले. संध्याकाळी लेक गाडी घ्यायला आली. तिने खाली वाकून पट्ट्यांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग "छान झालीय, बाबा," म्हणाली आणि घेऊन गेली. मला मनातून गुदगुल्या झाल्या. चोरी पकडली गेली हे तिला कळलं होतं.

रविवारी सहाला ती निघाली. मला घरी करमेना, म्हणून मी वर्कशॉप लवकर उघडलं. साडेसातला मेहुणा आला, त्याची नजर जमिनीवरच्या घासलेल्या लोखंडाच्या भुकटीवर गेली आणि तो जागीच थांबला.

"दाजी, पट्ट्या घासल्यात तुम्ही?"

"माझ्या गाडीवरची तुझी घाण काढली. काही म्हणणं आहे?"

त्याने ड्रॉवरचं कुलूप काढलं आणि एक पट्टी माझ्यापुढे ठेवली. माझी, पहिली. "सोमवारी बोल्ट आवळायला गेलो तर ही हातात आली. मारावंही लागलं नाही."

"खोटं आहे. मुद्दाम तोडलीस तू."

तो भांडला नाही. मला तेच सहन झालं नाही. मी शनिवारचा नमुना उचलला, व्हाइसमध्ये आवळला आणि हातोडी त्याच्यापुढे धरली. "हा कालचा. मार. हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

"तुम्हीच मारा," तो म्हणाला.

मी मारली. एकदाच. डब्याचं झाकण निघावं तसा वरचा पाइप निघाला. मी तो उचलून दारापाशी उजेडात नेला, हात लांब करून निरखला. माझी सुंदर, एकसारखी रेघ सगळीच्या सगळी खालच्या तुकड्यावर बसली होती. वरच्या पाइपची कड कोरी होती. तिला आच लागलीच नव्हती. जोड कुठे आहे ते मला दिसलंच नव्हतं, आणि मी त्याच्या शेजारून नेटाने रेघ ओढत गेलो होतो. अंगठ्याने रेघ किती गुळगुळीत आहे ते सांगितलं. ती कुठे आहे ते मी त्याला कधी विचारलंच नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"वर्ष होत आलं. तुम्ही घरी गेलात की मी करतो पुन्हा. सगळ्या गाड्यांचं."

एका गाडीवरचं त्याचं काम मी कालच घासून काढलं होतं. लेकीला फोन लावला, वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मेहुण्याने तोवर गाडी चालू केली होती. ज्या गाडीला मी चौदा वर्षं नावं ठेवली तिच्या मागच्या सीटवर मी बसलो आणि त्याला घट्ट धरलं. तो भरधाव निघाला. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यापाशी मी रस्त्याची कड बघत होतो. मी एकदाही त्याला हळू चालव म्हणालो नाही.

ती फार लांब गेली नव्हती. शहर संपतं तिथल्या पेट्रोल पंपाच्या कठड्यावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. गाडी स्टँडवर होती. ग्रुप केव्हाच पुढे निघून गेला होता. मी तिच्या खांद्यांना, हातांना हात लावून बघितलं. ती धडधाकट होती.

"फोन का उचलत नव्हतीस?"

"काय बोलावं ते सुचेना."

"काय झालं गाडीला?"

"काही नाही. मी त्यांना सांगितलं, चेन ढिली वाटतेय, तुम्ही व्हा पुढे." तिने मामाकडे बघितलं. "इथपर्यंत वीसच्या वर नेली नाही. बाबा, तुम्ही दुपारी जेवायला घरी गेलात की मामाला बोलावणार होते."

"म्हणजे तुला काल कळलं होतं? वाकून बघितलंस तेव्हाच?"

"हो."

"आणि तरी त्या गाडीवर बसलीस?" माझा आवाज चढला. "बोलली का नाहीस?"

ती घाबरून जराशी मागे सरली. अगदी थोडीच, कठड्यावर चार बोटं. मला हल्ली जवळचं धड दिसत नाही, पण तेवढं दिसलं.